ओले धान्य वर ठेवा

फसवणूक म्हटली की खोटे बोलणारा किंवा मापात मारणारा दुकानदार आपल्या डोळ्यांसमोर येतो. परंतु एकही शब्द खोटा न लिहिता ग्राहकाला फसवता येते, आणि मोबाइलवरून चालणाऱ्या व्यापारात हे फार सोपे झाले आहे.

अलिबाग तालुक्यातील किहीमचेच पाहा. तेथील वाड्यांतली घरे आणि बंगले आता पर्यटकांना इंटरनेटवरून भाड्याने मिळतात. समजा, एका जाहिरातीत 'समुद्र पाच मिनिटांवर' असे लिहिले आहे. ते खरे आहे, पण मोटारीने. छायाचित्र त्याच घराचे आहे, पण नव्या रंगाच्या वर्षीचे. भाडेही सांगितले तेवढेच, पण साफसफाईचा आकार पैसे भरताना शेवटी जोडला जातो. वृद्ध आईवडिलांना घेऊन मुंबईहून आलेल्या कुटुंबाला हे तेथे पोहोचल्यावर कळते. घरमालक म्हणतो, "मी काय खोटे लिहिले?"

या प्रश्नाचे उत्तर सहीह मुस्लिममधील एका प्रसिद्ध हदीसमध्ये आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा बोटांना ओल लागली. पावसाने धान्य भिजल्याचे विक्रेत्याने सांगितले. त्यावर, लोकांना दिसावे म्हणून ते वर का ठेवले नाहीस, असे प्रेषितांनी (स.) विचारले आणि फसवणारा आपल्यापैकी नाही असे बजावले. येथे धान्य खरे होते, वरचा थरही खरोखर कोरडा होता. पाऊस पडणे हा विक्रेत्याचा अपराध नव्हता. अपराध होता तो ओल झाकण्याचा.

"ग्राहकाने विचारायचे होते," असे कोणी म्हणेल. किहीमलाच डॉ. सलीम अली यांनी १९३० मध्ये सुगरण पक्ष्याचे निरीक्षण केले. नर घरटे अर्धवट विणतो, मादी आत शिरून ते पारखते आणि तिने पसंत केल्यावरच तो ते पुरे करतो. पारखून घेणे हा ग्राहकाचाही धर्म आहे. पण पडद्यावरच्या घरात शिरता येत नाही, राशीत हात घालता येत नाही. ज्याची कल्पनाच नाही, ते तो विचारणार कसे? म्हणून पारखण्याची संधी जितकी कमी, तितकी सांगण्याची जबाबदारी मोठी.

२०१९ चा ग्राहक संरक्षण कायदाही महत्त्वाची माहिती जाणूनबुजून लपवणारी जाहिरात दिशाभूल करणारी मानतो. परंतु कायदा तक्रारीनंतर जागा होतो. ईमान जाहिरात लिहितानाच जागे असले पाहिजे. नातलगांकडून लिहून घेतलेले खोटे अभिप्रायही याच हिशेबात येतात, कारण तीही एक साक्षच आहे आणि खोटी साक्ष मोठ्या पापांपैकी आहे.

खरे सांगितले तर गिऱ्हाईक शेजाऱ्याकडे जाईल, ही भीती खोटी नाही. हंगाम चार महिन्यांचा आणि खर्च बारा महिन्यांचा असतो. परंतु विक्रेता व ग्राहक खरे बोलले आणि दोष उघड केले तर व्यवहारात बरकत येते, लपवले तर ती पुसली जाते, असे प्रेषितांनी (स.) सांगितले आहे. रोजी देणारा अल्लाह आहे, छायाचित्र नव्हे.

तेव्हा जाहिरातीत पहिल्याच ओळीत लिहावे: समुद्र चालत वीस मिनिटे, जिना चढावा लागतो, एकूण भाडे इतके. ओले धान्य वर ठेवणे ते हेच. अल्लाह आपल्या कमाईत सचोटी आणि बरकत देवो. आमीन.