निर्धोक

माघ लागला की कळवणात उन्हाळ कांद्याची लावण उरकलेली असते आणि पोरांच्या पायांना खाज सुटते. कांदा काढायला अजून दोन-अडीच महिने असतात, घरात थोडी उसंत असते. यंदा पुतण्याने आणि त्याच्या तीन मित्रांनी वेळासला जायचं ठरवलं. बाणकोटच्या खाडीजवळचं, मंडणगड तालुक्यातलं गाव. एकेकाळी ते नाना फडणवीसांचं म्हणून ओळखलं जायचं, गेल्या काही वर्षांत कासवांचं म्हणून. ऑलिव्ह रिडलेची पिल्लं पहाटे-संध्याकाळी वाळूतून पाण्याकडे सोडतात, ती बघायची, कुणाच्या तरी घरी राहायचं, उकडीचे मोदक खायचे, असा बेत. निघायच्या चार दिवस आधी पुतण्या ओट्यावर येऊन बसला आणि म्हणाला, “काका, तिकडे सेफ राहील ना?”

मी भूगोल शिकवला एवढ्या भांडवलावर हा प्रश्न माझ्याकडे आला. खरं सांगायचं तर उभ्या आयुष्यात मी समुद्र पाच-सहा वेळा पाहिला असेल. कळवणच्या माणसाचं आणि समुद्राचं नातं तसं विचित्रच. सरळ रेषेत मोजलं तर पश्चिमेचा किनारा इथून सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे. पण आमची गिरणा केमच्या डोंगरातून निघते आणि समुद्राकडे पाठ फिरवून पूर्वेला धावते. चणकापूर, कळवण, मालेगाव करत जळगाव जिल्ह्यात तापीला मिळते, आणि मग तेच पाणी तापीबरोबर उलट पश्चिमेला येऊन सुरतेजवळ डुमसला समुद्रात शिरतं. त्याच डोंगराळ मुलखातून पलीकडे उतरणाऱ्या नार-पार नद्या मात्र थेट गुजरातेत जाऊन समुद्र गाठतात. त्यांचं पाणी गिरणेत आणायच्या गोष्टी आम्ही किती वर्षं ऐकतो आहोत! थोडक्यात, आमचं पाणीसुद्धा समुद्राला भेटायला एवढा वळसा घेतं, तिथे आमची माणसं त्याच्याबद्दल काय सांगणार?

तरी प्रश्न डोक्यात राहिला. आधी अडकलो तो शब्दातच. ‘सेफ’ला मराठीत सुरक्षित म्हणतात, पण तो कागदावरचा शब्द. जुन्या माणसांच्या तोंडी ‘निर्धोक’ असायचं. वाट निर्धोक आहे, पाणी निर्धोक आहे. हिंदीत धोखा म्हणजे फसवणूक. आपण फसवणुकीला दगा म्हणू लागलो आणि धोका संकटासाठी ठेवला. पण शब्द जरा घासला की जुना रंग दिसतो: निर्धोक जागा म्हणजे जी फसवत नाही ती. या अर्थाने सप्तशृंगी गडाचा घाट निर्धोक म्हणावा लागेल, आणि हे लिहितानाच मी दचकतो. नांदुरीहून गडावर चढताना दरी दिसते, वळणं दिसतात, ड्रायव्हरच्या मानेवरचा घामही दिसतो. डोंगर काही लपवत नाही. तरीही 12 जुलै 2023 च्या सकाळी गडावरून खामगावकडे निघालेली एसटी त्याच घाटात दरीत कोसळली, एक महिला गेली, कितीतरी जण जखमी झाले. म्हणजे न फसवणारी जागाही माणूस मारते. आणि तरी दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच घाटाने वर गेलो, ‘बये, सांभाळ’ म्हणत.

समुद्रकिनाऱ्याचं उलटं. सपाट वाळू, हळूहळू खोल होत जाणारं पाणी, फेस, पोरंबाळं. घाबरावं असं डोळ्यांना काही दिसत नाही. लाटा किनाऱ्यावर पाणी आणून टाकत राहतात, ते परत जायला वाट शोधतं, आणि वाळूच्या दांड्यांमध्ये जिथे खोलगट फट असेल तिथून एकवटून वेगाने आत जातं. इंग्रजीत त्याला रिप करंट म्हणतात; आपण पाण्याला ओढ आहे म्हणतो. गंमत अशी, आणि गंमत हा शब्द इथे बरा नाही, की त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात. दोन्ही बाजूंना फेस उसळत असतो आणि मध्ये पाणी शांत, जरा गडद. डोंगरातून आलेला माणूस लाटांना भिऊन नेमका त्या शांत पट्ट्यात उतरतो. गिरणेत पोहायला शिकलेल्याला वाटतं, जिथे पाणी खळखळत नाही तिथे बरं. नदीचं शहाणपण समुद्रावर नेलं की घात होतो. ओढीत सापडलेल्याने किनाऱ्याकडे तोंड करून हात मारायचे नसतात; किनाऱ्याला समांतर, बाजूला सरकायचं आणि ओढ सुटली की परतायचं. हे मला चाळिशीनंतर कळलं, तेही पुस्तकातून.

पुतण्याला मी कालनिर्णय काढायला सांगितलं. त्याला वाटलं, काका मुहूर्त बघतायत. एका अर्थी तसंच होतं. कोकणात एक जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बाराच्या सुमारास. भरती दिवसातून दोनदा, मध्ये साडेबारा तासांच्या आसपास अंतर, आणि रोज साधारण पन्नास मिनिटं उशीर, कारण चंद्रही तेवढाच उशिरा उगवतो. पौर्णिमा-अमावास्येची ती उधाणाची भरती. अष्टमीच्या सुमाराची मवाळ, भांगाची. किनाऱ्यागणिक वेळ थोडी सरकते, आणि पाण्याची चढउतार तर फारच बदलते. भावनगरकडे ती दहा मीटरच्या वर जाते, मुंबईत उधाणाला चार-पाच मीटर, रत्नागिरीकडे त्याहून कमी. पोराने मोबाइलवर भरतीचं कोष्टक उघडलं आणि माझा हिशेब पडताळला. वीस-पंचवीस मिनिटांचा फरक निघाला. “म्हणजे भिंतीवरच्या पंचांगावर समुद्र चालतो?” असं म्हणून तो हसला. उलट आहे रे, मी म्हटलं, दोघंही एकाच चंद्रावर चालतात.

मला बरं वाटलं. उत्तर सापडलं असं वाटलं. ‘कुठे’ हा प्रश्न चुकीचा, ‘केव्हा’ विचारायला हवं. किनारा तोच, पण सकाळी सहाचा वेगळा आणि दुपारी तीनचा वेगळा. असं काहीतरी पुतण्याला सुनवायच्या तयारीत होतो. रात्री झोप आली नाही तेव्हा मुरुड आठवलं. 1 फेब्रुवारी 2016. पुण्याच्या एका महाविद्यालयाची सहल, दुपारची वेळ, चौदा मुलं-मुली बुडाली. उठून जुनं पंचांग काढलं. त्या दिवशी कृष्ण अष्टमी होती. भांगाचे दिवस. माझ्या हिशेबाने दुपारी पाणी भरायला लागलेलं, तेही मवाळपणे. नेमकं काय चुकलं हे इथे कळवणात बसून सांगायचा मला अधिकार नाही. पण पाऊणपटीचा हिशेब करून कोणी त्या दिवशी निघालं असतं तर निर्धास्त मनानेच निघालं असतं, एवढं खरं. हिशेबसुद्धा फसवतो. तोसुद्धा एक शांत, गडद पट्टाच.

मग उरतं काय? इथे मला एका जुन्या खलाशाची आठवण येते. इसवीसनाच्या पहिल्या शतकात कुणा ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्याने आपल्या किनाऱ्याची एक वाटाड्या-वही लिहिली, ‘पेरिप्लस’ म्हणतात तिला. लेखकाचं नाव माहीत नाही. कल्याण, चौल त्यात येतात, पैठण आणि तेरहून गाड्यांवर माल भडोचला कसा येतो तेही येतं. पण सगळ्यात जिवंत भाग आहे भडोचजवळच्या नर्मदेच्या मुखाचा. तिथली भरती कशी अचानक येते, अमावास्येच्या रात्री दुरून सैन्याचा आरडाओरडा ऐकू यावा तसा तिचा आवाज कसा असतो, नांगरलेली जहाजं कशी उलटतात, हे त्याने लिहून ठेवलंय. आणि पुढे तो सांगतो की राजाने तिथल्या कोळ्यांना नोकरीला ठेवलं होतं. त्यांच्या मोठ्या होड्या परदेशी जहाजांना सामोऱ्या जात, त्यांना दोर लावून भरतीच्या तोंडाशी आत ओढत आणि पाणी भरलं की ठरल्या डोहात थांबवत. एवढे समुद्र ओलांडून आलेल्या खलाशालाही शेवटचे काही मैल स्थानिक कोळ्याच्या हाती सोपवावे लागत होते. त्याला त्यात कमीपणा वाटल्याचं दिसत नाही. आपल्याला वाटतो. किनाऱ्यावरचा म्हातारा ‘आज जाऊ नका’ म्हणाला की आपण त्याच्याकडे बघून हसतो आणि मोबाइल बाहेर काढतो.

मोबाइलवरच्या ताऱ्यांबद्दल मला एक तक्रार आहे. जागेला पाच तारे देणारे सगळे परत आलेले लोक असतात. न आलेल्यांचं मत तिथे नसतं. शिवाय तारे कशाचे? माशाच्या ताटाचे, खोलीचे, सूर्यास्ताच्या फोटोचे. 13 जानेवारी 2018 ला डहाणूला कनिष्ठ महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांची बोट उलटली, तीन मुली गेल्या. डहाणू काही अज्ञात, आडबाजूचा किनारा नव्हे. किनारा किती दूरचा आणि धोका किती मोठा, याचा मेळ आपण मनातल्या मनात घालतो, तो बहुतेक वेळा चुकतो. आडगावच्या किनाऱ्याची अडचण वेगळीच असते: पाण्यात काही झालं तर ओढायला कोण आहे, आणि ओढून काढल्यावर दवाखाना किती दूर. गोव्यात 2008 पासून किनाऱ्यांवर पगारी जीवरक्षक आहेत. वर लाल खाली पिवळं अशा झेंड्यांच्या मध्ये पोहायचं, नुसता लाल दिसला की नाही. असं दर किनाऱ्यावर असत नाही. जिथे नाही तिथे गुडघ्यापर्यंत पाणी म्हणजे पोहणं, असं मी पुतण्याला सांगितलं. तो नाराज झाला. होऊ दे.

याच प्रश्नाची दुसरी बाजू पुतणीने दाखवली. ती नाशिकला शिकते. भावाचा बेत ऐकून तिच्या मैत्रिणींनीही तिकडेच जायचं काढलं. तिने फोन केला आणि शब्दश: तेच विचारलं, सेफ आहे का. मी भरती-ओहोटी सुरू केली. तिने दोन मिनिटं ऐकून घेतलं, मग म्हणाली, “काका, ते ठीक आहे. ज्यांच्या घरी राहायचं त्या घरात बाई असते का? खोलीला आतून कडी आहे का? अंधार पडायच्या आत पोचतो का?” तिच्या प्रश्नात पाणी नव्हतंच. तिचे तिन्ही प्रश्न माझ्या तिथीच्या गणितापेक्षा सरळ होते, आणि एकही मला सुचला नव्हता. पुतण्याला कडीबद्दल विचारायची गरजच पडली नव्हती. एकाच गावाची, एकाच घराची दोन माणसांसाठी दोन सुरक्षितता असते, हे भूगोलाच्या पुस्तकात कधी आलं नाही. त्या घरी फोन करून तिने स्वत:च खात्री केली. फोन घरातल्या काकूंनी घेतला, एवढ्यावर तिचं निम्मं समाधान झालं.

पॉल स्लोविक नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1987 मध्ये लिहिलं होतं की माणूस धोका तोलतो तो आकड्यांनी नव्हे. किती भयंकर वाटतो आणि किती अनोळखी वाटतो, या दोन मापांनी. आमच्या घरात याचा प्रयोग रोज चालतो. माझी वहिनी, म्हणजे पुतण्याची आई, समुद्राच्या नावाने घाबरली होती. कळवण ते वेळास चारशेच्या घरात किलोमीटर, तेही रात्री, चार पोरं, पाळीपाळीने गाडी चालवणार, याचं तिला काहीच वाटलं नव्हतं. मला मात्र समुद्रापेक्षा रस्ता जास्त छळत होता. मुरुडच्याच वर्षी, 2 ऑगस्टच्या रात्री, महाडजवळ सावित्रीवरचा इंग्रजांच्या काळातला पूल पुरात गेला, आणि दोन एसट्या माणसांसकट गेल्या. त्या गाड्यांतल्या कुणी निघताना विचारलं असेल का, पूल निर्धोक आहे का म्हणून? पुलाबद्दल कोणी विचारत नाही. मी वहिनीला म्हटलं, समुद्राचं सोड, यांना रात्री गाडी चालवू देऊ नकोस. दिवसा निघा. ती म्हणाली, “भाऊजी, दिवसा ऊन किती लागतं!”

शेवटी पहाटे निघायचं ठरलं. पुतण्याने वेळासच्या त्याच काकूंना फोन लावला, स्पीकरवर. भरती कधी, पाण्यात कुठवर जायचं, ओढ कुठे असते, सगळं विचारलं. काकूंनी शांतपणे सांगितलं: आमच्याकडे पाण्यात उतरायचं नसतंच फार, कासवं बघायची, वाळूवर बसायचं, आणि खाडीच्या तोंडाकडे तर मुळीच जायचं नाही. पुतण्याने ते कागदावर लिहून घेतलं, हे मी पाहिलं.

मग काकू म्हणाल्या, “तुम्ही कळवणचे ना? आम्हाला चैत्रात वणीच्या देवीला यायचंय हो. माझ्या सासूबाईंची फार इच्छा आहे. पण तो गडाचा घाट ऐकून भीती वाटते. कसा आहे?”

“काही नाही हो काकू,” पुतण्या म्हणाला. “बिनधास्त या. आम्ही रोज जातो.”

मी त्याच्या हातातून फोन घेतला.