जमीन तासणारे आणि दूध पाजणारी

पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात गुस्ताव्ह कायबॉतच्या १८७५ सालच्या ‘जमीन तासणारे’ या चित्रापुढे मावशी-भाचीचा वाद जुंपला. मावशी चित्रकलेची निवृत्त शिक्षिका, भाची कामगार कायद्याची वकील.

चित्रात तीन उघडे मजूर गुडघ्यांवर बसून लाकडी जमीन तासताहेत. खिडकीतला उजेड त्यांच्या पाठींवर पसरलाय, कुरळी सालपटं इकडेतिकडे विखुरलीत, उजवीकडे वाइनची बाटली आणि पेला.

“घर कुणाचं गं हे?”

“चित्रकाराचंच, असं मानतात. वडिलांनी लष्कराला कापड पुरवून गडगंज पैसा केला होता.”

“म्हणजे घाम त्यांचा आणि सही मालकाची!”

“सालों या सरकारी कलाप्रदर्शनाच्या परीक्षकांनी हे चित्र नाकारलं, तेही लक्षात घे,” मावशी म्हणाली. “चित्रकार मिलेच्या ‘सरवा वेचणाऱ्या बायका’ १८५७ मध्येच सालोंत लागल्या होत्या. टीका झाली, पण लागल्या. शेतातले कष्ट लांबून बघायला बरे वाटतात. प्रशासक ओसमानने पाडून नव्याने उभ्या केलेल्या पॅरिसमध्ये, आपल्याच दिवाणखान्यात राबणारा माणूस मात्र भिंतीवर नको होता. कायबॉतने तो १८७६ च्या इम्प्रेशनिस्ट प्रदर्शनात लावला.”

“लावला, मान्य. पण नुसतं दिसल्याने त्यांच्या पदरात काय पडलं? चित्राच्या नावातसुद्धा त्यांचं नाव नाही.”

हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. आगगाडीची स्टेशनं, नृत्यगृहं, कपड्यांना इस्त्री करणाऱ्या बायका असं नवं शहर इम्प्रेशनिस्ट चित्रकारांनी हौसेने रंगवलं. पण बघणारा आणि राबणारा यांच्यातलं अंतर रंगांनी मिटलं नाही.

मावशीने मोबाइलवर दुसरं चित्र काढलं. इम्प्रेशनिस्ट चित्रकर्ती बर्थ मोरिझोचं, १८८० च्या सुमाराचं. बागेत बसलेली पांढऱ्या कपड्यांतली बाई बाळाला अंगावर पाजते आहे. बाळ म्हणजे मोरिझोची मुलगी ज्युली, १८७८ ची. पाजणारी आंजेल, पगारी दाई.

“हिचं नाव टिकलंय बघ.”

भाचीने चित्र मोठं केलं. गवत, कपडे, कातडी, सगळं झरझर फटकाऱ्यांत एकमेकांत मिसळलेलं. “नाव आहे, पण चेहरा कुठाय?”

“बाळाचा तरी कुठाय? या कुंचल्याला मालकीण आणि मोलकरीण वेगळी कळत नाही. आणि इथे दोघी कामावर आहेत. एक दूध विकतेय, दुसरी चित्र काढतेय. कला-इतिहासकार लिंडा नॉक्लिनने १९८८ मध्ये नेमकं हेच दाखवलं. मायलेकरांचं निवांत दृश्य वाटतं, पण आहे तो कामाचा प्रसंग.”

“आणि आंजेलला स्वतःचं मूल असेल तर? अशा कितीतरी दायांची तान्ही गावाकडे दुसऱ्यांच्या हाती असायची. पगार देऊन पाजायला ठेवलेल्या बाळांवर सरकारी देखरेख हवी, असा कायदा फ्रान्सला १८७४ मध्ये करावा लागला. म्हणजे तुमच्या इम्प्रेशनिस्टांच्या पहिल्या प्रदर्शनाच्याच वर्षी.”

मावशी थोडी थांबली. “मोरिझोने कुंचला धरला नसता, तर आंजेलचं मूल तिच्याजवळ आलं असतं?”

“नसतं आलं. पण आंजेलच्या दुधावर मोरिझोला मोकळा वेळ मिळाला, हेही त्या चित्रात वाचलं पाहिजे.”

“वाचता येतं ते तिने रंगवलं म्हणूनच,” मावशी म्हणाली. भाचीला ते पुरेसं वाटलं नाही.