धार

घाटकोपरच्या चाळीतले बिऱ्हाड हलवून आम्ही मुलुंडला आलो, तेव्हा आईची विळी माळ्यावर गेली. नव्या घरात ओटा होता, आणि विळी ही बसून चालवायची वस्तू. पायाने पाट दाबून धरायचा, पाते जागच्या जागी आणि भाजी धरलेले हात तेवढे फिरते. ओट्यासाठी मी बाजारातून तीस रुपयांची सुरी आणली. ती बोथट झाली म्हणून दुसरी आणली. असे करता करता खणात पाच सुऱ्या जमल्या. मात्र कापणारी त्यांत एकही नव्हती.

पत्नीने एकदोनदा चांगल्या सुरीचा विषय काढला. किंमत ऐकून मी म्हणालो, "भाजीच चिरायची ना?" त्याच आठवड्यात मी सातशे रुपयांचे फाउंटनपेन घेतले होते. निब खरखरली की विचार अडतो, असे मी वर्गात मुलांना सांगत असतो. लिहिणे हे काम आणि चिरणे हे नुसते चिरणे, ही वर्णव्यवस्था माझ्या डोक्यात केव्हा शिरली कोण जाणे!

अखंड भोपळ्याला पहिली सुरी पुरुषाने लावावी, अशी आमच्याकडे रीत आहे. ती मी निष्ठेने पाळीत असे. म्हणजे एक चीर देऊन वर्तमानपत्राकडे परत जात असे. एका सकाळी अशीच चीर देऊन मी वळलो. पत्नीला लोकल गाठायची होती. सुरी सालीवरून घसरली आणि तिच्या बोटाला तीन टाके पडले.

"धार नसलेल्या सुरीने एवढे कापले कसे?" मी डॉक्टरांना विचारले. (मास्तरांची खोड.)

"धार नव्हती म्हणूनच," ते म्हणाले.

खरेच आहे. धारदार पाते थोड्या दाबाने सालीत शिरते. बोथट पात्याला जोर लावावा लागतो, आणि ते निसटले की तो सारा जोर हातावर येतो. कांद्याचेही तसेच. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२५ साली दाखवून दिले की, बोथट पात्याखाली कांद्याची साल आधी दबते आणि मग फुटते, त्यामुळे रसाचे तुषार अधिक उडतात. माझ्या काटकसरीचे अश्रू इतकी वर्षे तीच ढाळीत होती.

कमीत कमी वस्तूंत भागवावे, हे मलाही पटते. पण पाच वाईट सुऱ्या बाळगणे हा कुठला अपरिग्रह? आईजवळ एकच विळी होती. शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ साली न गंजणारे पोलाद तयार केले खरे, पण आईच्या विळीचे पाते जुन्या जातीचे होते. कैरीने काळे पडणारे, ओले राहिले की गंजणारे. ती ते पुसून विळी आडवी ठेवी, आणि खंडेनवमीला धार लावून घेऊन हळदकुंकू वाही. चांगली वस्तू अशी आपल्याकडून काही मागत राहते. स्वस्त वस्तू काहीच मागत नाही, म्हणून ती आळशी माणसाला आवडते.

मला छळतो तो प्रश्न मात्र वेगळा आहे. विकत घेणारा एक आणि वापरणारा दुसरा असला, तर काटकसरीला सद्गुण म्हणावे काय? शाळेत भुसभुशीत खडू आले की, ते आणणाऱ्याला एकदा फळ्यावर लिहायला लावा, अशी कुरकुर मीच करतो. घरात मीच तो आणणारा होतो, हे काही माझ्या ध्यानात आले नाही.

टाके निघेपर्यंत चिरण्याचे काम माझ्याकडे आले. पहिल्या दिवशी कांदा, दुसऱ्या दिवशी कांदा आणि गवार, तिसऱ्या दिवशी सुरण. चौथ्या दिवशी मी बाजारात गेलो आणि घासाघीस न करता नऊशे रुपये मोजून आलो.

पत्नीने सुरी उजव्या हातात धरून तोलून पाहिली. मग विचारले, "ही माझ्या बोटासाठी घेतलीत, की तुमच्या डोळ्यांसाठी?"

मी कांदे पुढे ओढले.