शोकाचा अधिकार

पराभूताचा शोक ऐकला, कीं न्यायही त्याच्याच बाजूस असला पाहिजे, असें आपण बहुधा न तपासतां धरून चालतों. हें गृहीत कितपत टिकतें, असा प्रश्न मला ज्या कृतीनें घातला तिचें नांव ऐकून कांहीं वाचक भुंवया वर करतील. स्टॉकहोमच्या ‘बॅथरी’ या वाद्यमेळानें १९९० सालीं काढलेली ‘हॅमरहार्ट’ ही ती ध्वनिमुद्रिका. मेळाचा सूत्रधार क्वॉर्थॉन (१९६६-२००४) आरंभीं सैतानाचीं गाणीं कर्कश किंकाळ्यांत गात असे. ‘ब्लॅक मेटल’च्या जनकांत त्याची गणना होते. पुढें त्यानें सैतान सोडला, लय मंद केली, मागें वृंदस्वर घातले आणि तो आपल्या नॉर्स पूर्वजांकडे वळला. मुखपृष्ठावर फ्रँक डिक्सीचें १८९३ मधील चित्र आहे: मृत वीराची पेटती नाव लोक समुद्रांत ढकलीत आहेत.

मुद्रिकेचा आरंभ लाटांच्या आवाजानें होतो. पहिल्या गीतांत वीर परक्या किनाऱ्यांना आगी लावण्यास निघतात, आणि गाणाऱ्यास त्याचा अभिमान आहे. मधल्या गीतांविषयीं येथें विशेष सांगण्यासारखें नाहीं. शेवटचें, दहा मिनिटांहून लांब, पराभवाचें आहे. एक घोडेस्वार असाच्या उपसागरावर येतो. तेथें परदेशांतून नवा देव आला आहे. चार नाण्यांतील एक त्याच्या माणसास द्यावयाचें, न देणाऱ्यानें चाबूक खावयाचा. जुन्या देवांचें नांव उघड घेणारा हातोडाधारी पुरुष तलवारीनें गप्प केला जातो. आणि उरलेले लोक स्वतःच घाम गाळून क्रुसाचें मंदिर उभारतात. हें ऐकतांना गळा दाटून येतो, हें मी कबूल करतों.

परंतु हा उपसागर तोच, जेथून तीं ड्रॅगनमुखी जहाजें निघत होतीं. गीताच्या आरंभींच तसें सांगितलें आहे. इ. स. ७९३ त लिंडिसफार्नच्या मठांतील साधूंनीं याहून वेगळें काय भोगलें? त्यांचा आकांत या मुद्रिकेंत कोठेंच नाहीं. मग लुटारूच्या मुलास आपलें घर लुटलें गेल्यावर रडण्याचा अधिकार आहे काय?

माझ्या मतें आहे. चाबूक बसला कीं लुटारूच्या पाठीवरही वळ उठतोच. शोकाला निष्पाप हात लागत नाहींत. ते लागतात फिर्यादीला. शोक करणारा एवढेंच म्हणतो, कीं माझें होतें तें गेलें. फिर्याद करणारा दुसऱ्याकडे बोट दाखवितो, आणि तेथें त्याला सगळा हिशेब मांडावा लागतो. ‘हॅमरहार्ट’चा हिशेब अपुरा आहे. नॉर्वेंत नवा धर्म तलवारीनें लादणारा ओलाफ त्रिग्वासन (राज्यकाल ९९५-१०००) परका नव्हता. ९९४ सालीं लंडनवर चालून गेलेला तो अस्सल व्हायकिंगच. स्वीडनमध्यें तर हें धर्मांतर दीर्घकाळ रेंगाळलें, आणि तेथेंही तें पुढें रेटणारांत देशी राजेच होते. ‘परका देव’ म्हटलें, कीं घरच्या तलवारी झांकतां येतात.

शोकाची फिर्याद झाली म्हणजे काय होतें, तें नॉर्वेनें पाहिलें. ६ जून १९९२ रोजीं बर्गेनजवळचें फांटॉफ्टचें लांकडी चर्च जाळण्यांत आलें. ब्लॅक मेटलच्या वर्तुळांतील तरुणांनीं त्या सुमारास आणखीही चर्चें पेटविलीं, आणि पूर्वजांच्या अपमानाचा सूड म्हणून त्याचें समर्थनही झालें. हा दोष क्वॉर्थॉनच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल. त्यानें गाणें रचलें, काडी ओढली नाहीं. पण फांटॉफ्टचें तें चर्च मूळचें सोग्न प्रांतांतील फॉर्टुन गांवीं ११५० च्या सुमारास उभारलेलें, आणि १८८३ त तेथून हलविलेलें. त्याच जातीच्या बोर्गुंड येथील चर्चच्या छपरावर आजही क्रुसांबरोबर ड्रॅगनचीं मुखें आहेत. पूर्वजांच्या हातची सुतारी जर कोठें शिल्लक होती, तर ती असल्याच तुळयांत. सूड घेणारांनीं नेमकी तीच पेटविली. फांटॉफ्टची प्रतिकृति १९९७ त पुरी झाली. मूळ तुळया अर्थात् परत आल्या नाहींत.