दोन प्रश्न, एक वाद

२००९ साली वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली. भोवतालची गावे तीत असावीत की नसावीत, यावरून तेव्हा घराघरांत वाद पेटला होता. त्या दिवसांत एका साखरपुड्याच्या मांडवात दोन वडीलधारे गृहस्थ, नात्याने साडू, आमच्यासमोर हमरीतुमरीवर आले. एक म्हणे, "महापालिका आली तर नळाला पाणी येईल, दवाखाना होईल." दुसरे म्हणत, "आमच्या गावाचे काय करायचे ते आमची ग्रामसभा ठरवील." अखेर दोघेही आमच्याकडे वळले, "फादर, तुम्हीच सांगा." आम्ही "दोघांचेही बरोबर आहे" असे म्हणून ताट पुढे ओढले. त्या भित्र्या उत्तराने कुणाचेही समाधान झाले नाही.

एक जण लोकांना काय मिळेल याविषयी बोलत होते, दुसरे ते ठरवण्याचा अधिकार कुणाचा याविषयी. पाण्याच्या प्रश्नाला ग्रामसभा हे उत्तर नव्हे आणि ग्रामसभेच्या प्रश्नाला पाणी हेही नव्हे. परंतु प्रत्येकाला वाटत होते की समोरचा आपल्या प्रश्नाला बगल देतो आहे, अर्थात त्याच्या मनात काही काळेबेरे आहे.

हाच वाद महाराष्ट्राने थोरांच्या तोंडूनही ऐकला आहे. टिळक आणि आगरकर दोघेही १८५६ च्या जुलैत जन्मलेले, १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढलेले. एकमेकांचा त्याग त्यांना कुणी सांगावा लागत नव्हता. तरीही १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने त्यांच्यातील दरी अधिकच रुंदावली. कलकत्त्यात फुलमणी नावाची जेमतेम अकरा वर्षांची विवाहिता पतीच्या बळजबरीने मरण पावली होती. १८९० साली खटला चालला. पण संमतिवय दहा असल्यामुळे बलात्काराचे कलम लागू होईना आणि पतीला एक वर्षाची सक्तमजुरी एवढीच शिक्षा झाली. नव्या कायद्याने ते वय बारा केले.

आगरकरांपुढे प्रश्न होता त्या कोवळ्या देहाचा: समाज रक्षण करीत नसेल तर कायद्याने करावे. टिळकांपुढे प्रश्न होता, आमच्या घरात सुधारणा करण्याचा अधिकार परक्या सरकारला कुणी दिला? मुलींची लग्ने सोळाव्या वर्षाआधी करू नयेत, अशी प्रतिज्ञा सुधारकांनी स्वतःहून घ्यावी, असे त्यांनी स्वतःच १८९० साली सुचवले होते. तेव्हा त्यांना केवळ बालविवाहाचे कैवारी ठरवणे अन्यायाचे, तसेच आगरकरांना सरकारधार्जिणे म्हणणेही. (शास्त्रवचनांच्या आधारे झालेला विरोध मात्र आम्हांला पटत नाही. त्या साऱ्या ऊहापोहात फुलमणी कुठेच दिसत नाही.)

मग दुसऱ्याचा प्रश्न मान्य करण्यास एवढा संकोच का? आम्हांस वाटते, तो मान्य करणे म्हणजे अर्धी लढाई हरणे अशी धास्ती असते. परसत्तेचा हात एकदा घरात शिरला की तो कुठे थांबेल, हे आगरकरांनी मोकळेपणी बोलावे, तर विरोधक तेच वाक्य उचलून धरतील. मुलगी स्वराज्यापर्यंत थांबू शकत नाही, हे टिळकांनी म्हणावे, तर सरकार टाळ्या वाजवील. म्हणून जे मनात असते तेही ओठांवर येत नाही.

सेमिनरीत आम्हांला संत थॉमस अक्विनासची पद्धत शिकवली गेली. आधी प्रतिपक्षाचे आक्षेप मांडावयाचे, नंतर आपले उत्तर. ते आक्षेप आम्ही परीक्षेपुरते तोंडपाठ केले. आक्षेप घेणाऱ्याला कशाची भीती वाटत असेल, हे मनात कधी आले नाही. मांडवातल्या त्या सायंकाळीही आले नाही.

त्या साडूंपैकी पाण्याविषयी बोलणारे पुढे वारले. मातीनंतर दुसरे आमच्यापाशी आले, बराच वेळ टोपी हातात फिरवीत उभे राहिले. म्हणाले, "त्यांची सून मध्यरात्री उठून टँकरचं पाणी भरायची, फादर. मला ठाऊक होतं. भांडताना आठवलंच नाही."