आधी साक्षीदार, मग घराणं

काल्पनिक राज्य रचायला बसलेला लेखक बहुधा झेंड्यापासून सुरुवात करतो. एका घराण्याला लांडगा, दुसऱ्याला गरुड. हे शूर, ते कपटी, तिसरे ग्रंथांत बुडालेले. प्रत्येकाला एक ब्रीद आणि हजार वर्षांची वंशावळ. जॉर्ज मार्टिन यांनी पंधराव्या शतकातल्या इंग्लंडच्या यॉर्क-लँकेस्टर यादवीवरून आपल्या कादंबऱ्यांतली घराणी बेतली. त्यांच्या मागून आलेल्यांनी त्यातले लांडगे-सिंह तेवढे उचलले, यादवी तिथंच राहिली. मराठीत अद्भुतरम्य लिहू पाहणाऱ्या तरुणांच्या वहीतही मला हेच दिसतं. माझं म्हणणं असं, की घराणं रचायचं तर आधी त्याचे साक्षीदार रचावेत. हे घराणं थोर आहे हे कुणाला पटवायचं होतं, आणि पटवून घेण्यात त्याचा काय फायदा होता? एवढं ठरलं नसेल तर वंशावळ कितीही लांबवा, घराणं कागदीच राहतं.

हे पाहायचं तर बऱ्हाणपूरला जावं. 1370 साली फिरोजशहा तुघलकानं मलिक अहमद नावाच्या सरदाराला थाळनेर आणि करवंदचा मुलूख जहागीर दिला. दिल्ली खिळखिळी झाली तसा हा मलिक राजा 1382 च्या सुमारास स्वतंत्रपणे वागू लागला. जहागीरदाराचा राजा झाला, की पूर्वज हुडकावे लागतात. या घराण्यानं थेट दुसरे खलिफा उमर यांच्यापर्यंत मजल मारली. ‘अल-फारुक’ हे उमर यांचं बिरुद, त्यावरून हे खानदेशचे फारुकी. जोडीला दौलताबादचे सूफी झैनुद्दीन शिराझी यांनी दिलेला खिरका, म्हणजे दीक्षेचा अंगरखा. तो राजाकडून वारसाकडे पिढ्यान्‌पिढ्या जात राहिला, असं इतिहासकार फिरिश्ता सांगतो.

खरी गंमत पुढच्या पिढीत आहे. मलिक राजाचा मुलगा नसीर खान यानं असीरगड घेतला तो आसा अहीर या किल्लेदाराला फसवून. माझ्या बायकामुलांना गडावर आसरा द्या, असं सांगून त्यानं डोल्या वर पाठवल्या, आणि त्यांतून हत्यारबंद शिपाई उतरले. यानंतर, कथेप्रमाणे, झैनुद्दीन स्वतः तापीकाठी नसीरचं अभिनंदन करायला आले. त्यानं देऊ केलेलं इनाम त्यांनी नाकारलं आणि एवढंच मागितलं, की एका तीरावर आपले गुरू बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या नावाचं शहर वसव आणि दुसऱ्या तीरावर आपल्या नावाचं. असं बऱ्हाणपूर झालं आणि समोर झैनाबाद. अडचण एकच. झैनुद्दीन 1369 च्या सुमारास वारले होते आणि नसीर गादीवर आला 1399 मध्ये.

आजचा संपादक ही चूक लाल शाईनं दाखवील आणि लेखक ओशाळून तारीख बदलील. मी म्हणेन, बदलू नका. ही भेट कुणाला हवी होती ते बघा. दग्यानं मिळालेल्या गडावर बसलेल्या राजाला कुणीतरी ‘भलं केलंस’ म्हणणं गरजेचं होतं. या सूफींच्या खुलताबादच्या दर्ग्याला खानदेशच्या गादीचा आश्रय हवा होता. आणि नव्यानं वसणाऱ्या शहराला आपल्या नावामागं लढाईपेक्षा बरी गोष्ट हवी होती. तिघांनाही ही भेट घडायला हवी होती, म्हणून ती घडली. कल्पित घराण्याच्या इतिहासात अशी एखादी जुळत नसलेली तारीख मुद्दाम ठेवावी, आणि ती न जुळण्यात कुणाचं हित आहे हे लेखकानं मनाशी पक्कं ठरवावं. अशा एका तारखेनं जे साधतं, ते दहा पानांच्या वंशवृक्षानं साधत नाही.

साक्षीदार बदलले की कागदही बदलतो. बऱ्हाणपूरची जामा मशीद राजा अली खान फारुकीनं 1589-90 च्या सुमारास उभी केली. तिच्या भिंतीत अरबी लेखाबरोबर एक संस्कृत लेखही आहे. देवनागरीत कोरलेला, मलिक राजापासूनच्या राजांची मालिका सांगणारा, शके 1511 आणि संवत 1646 असा काळ देणारा. बांधणीचा मुहूर्त तिथीवारासकट नोंदवलेला. नमाजाला येणाऱ्यासाठी अरबी पुरेशी होती. मग संस्कृत कुणासाठी? या मुलखाचा वसूल ज्यांच्या हातून येत होता, हिशेब जे ठेवत होते, त्यांच्यासाठी, असा माझा तर्क आहे. पुढं 1601 मध्ये फारुकींचं राज्य बुडालं तेव्हा अकबरानंही आपल्या विजयाचा फारसी लेख याच मशिदीत कोरवला. घराणं बदललं, दाखवायची जागा तीच राहिली.

आपल्याला हे परकं वाटू नये. 1674 च्या राज्याभिषेकाआधी भोसल्यांची वंशावळ उदेपूरच्या सिसोदियांशी जोडली गेली आणि गागाभट्टांनी तिच्यावर मान्यतेची मोहर उठवली. त्याहून मला मोलाचे वाटतात ते वतनाच्या भांडणांतले महजर, म्हणजे निवाड्याचे कागद. गोत बसायचं, दोन्ही बाजू आपापल्या पिढ्या सांगायच्या, आणि निवाड्याच्या कागदावर ज्याची त्याची निशाणी पडायची. पाटलाचा नांगर, इतरांची आपापल्या धंद्याची हत्यारं. आपली खरी चिन्हविद्या ही. ढालीवरच्या लांडग्याच्या मागं कोण उभं आहे ते कळत नाही. कागदावरच्या नांगरामागं मात्र अख्खा गाव असतो, आणि निवाडा फिरला तर त्यातल्या कुणाचं तरी नुकसान असतं.

तटांचंही तेच. कादंबरीत तट स्वभावावरून पडतात, दरबारात ते मानापानावरून आणि मोहिमांवरून पडतात. नसीर खानाची मुलगी बहमनी सुलतान अलाउद्दीन अहमदाला दिली होती. संगमेश्वरच्या राजाची मुलगी सुलतानाच्या मर्जीत चढली, म्हणून नसीर खान वऱ्हाडावर चालून गेला. त्याच्याविरुद्ध निघालेला सरदार खलफ हसन हा आफाकी, म्हणजे परदेशातून आलेला. त्यानं सोबत दख्खनी सरदार नकोत अशी अट घातली. मोहीम फत्ते झाली, बऱ्हाणपूर लुटलं गेलं, 1437 मध्ये नसीर मेला. जिंकून आल्यावर दरबारात आफाकींना सुलतानाच्या उजव्या हाताला जागा मिळाली, दख्खनींना डाव्या. फिरिश्ता दोन्ही पक्षांचं कायमचं वैर इथूनच धरतो. (तो स्वतः इराणातून आलेला, हे लक्षात ठेवून वाचावं.) पुढच्या दहा वर्षांत चाकणला आफाकींची कत्तल झाली. सासऱ्याचा रुसवा, एक अट आणि बसायची जागा: एवढ्यावर दोन पक्ष उभे राहिले, त्यांना वेगळे गुणधर्म वाटून द्यावे लागले नाहीत.

यावर कुणी म्हणेल, वाचक कादंबरी वाचतो, महजर नाही. त्याला शंभर पात्रांतून वाट काढायची असते, आणि लांडगा-गरुड लक्षात राहतात. हे मान्य. खुणा हव्यातच. पण खूण ही वाचकाच्या सोयीची गोष्ट, तिच्या जोरावर घराणं चालत नाही. फारुकींच्या राजपुत्रांना बायकामुलांसह असीरगडावर कोंडून ठेवत, आणि गादी रिकामी झाली की त्यांच्यातल्याच एकाला बाहेर काढत. या एका रिवाजातून केवढी कादंबरी निघते. बाहेर आलेल्या राजाला राज्याची माहिती कुठून असणार? त्याच्या कानाशी पहिला कोण लागणार? आणि मागं गडावर उरलेले भाऊ त्याच्या मरणाची वाट बघत नसतील कशावरून?

फारुकींच्या शेवटालाही साक्षीदार लागलेच. 1597 मध्ये गोदावरीकाठी सोनपेठजवळ राजा अली खान मोगलांच्या बाजूनं विजापूर, गोवळकोंडा आणि अहमदनगर यांच्या फौजांशी लढताना पडला. लढाईच्या धुमाळीत तो दिसेना, तेव्हा मोगलांनी गृहीत धरलं, की हा फितूर झाला किंवा पळाला, आणि त्याचीच छावणी लुटली. नंतर त्याचं प्रेत सापडलं. त्याचा मुलगा बहादूर खान पुढं मोगलांना भेटायचं टाळत राहिला आणि असीरगडावर जाऊन बसला. त्याचा हट्ट इतिहासकारांनी मूर्खपणात जमा केला आहे. छावणीच्या लुटीचा हिशेब त्यांनी त्यात धरलेला नाही.