जामीन राहणारा

माणूस मोठा झाला की आपण त्याचा पुतळा करतो, आणि पुतळा जुना झाला की त्याचा बसथांबा होतो. ‘एक कर्वे पुतळा’ म्हणून तिकीट मागताना हिंगण्याचा आश्रम कितीजणांना आठवतो? तरीही पुतळे होतात, इमारतींना नावं दिली जातात, आणि आम्हां बँकवाल्यांना छळणारा प्रश्न तसाच राहतो : हा मान खात्यात कुठं लिहायचा, जमेला की नावे?

उदाहरणादाखल खाशाबा जाधवांचं खातं उघडू. आपल्या पुणे विद्यापीठाच्या आवारात त्यांच्या नावाचं क्रीडा संकुल आहे. दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमला २०१० साली त्यांचं नाव मिळालं. १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. जमेची बाजू कशी भरगच्च दिसते!

आता मागची पानं उलटा. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकला. १९४८ ला लंडन ऑलिंपिकमध्ये सहावा आला. १९५२ ला हेलसिंकीला जायचं, तर खिसा रिकामा. सरकारदरबारी उत्तर मिळालं म्हणे, ‘स्पर्धा झाल्यावर भेटा.’ पोहता आल्याशिवाय पाण्यात उतरू नकोस, त्यातलाच प्रकार. अखेर प्राचार्य खर्डेकरांनी राहतं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले.

मी बी.कॉम. आहे, म्हणून अधिकारानं सांगतो : याहून वाईट कर्जप्रकरण होणे नाही. तारण एकाचं, पैसे दुसऱ्याला, आणि परतफेडीची भिस्त परमुलखातल्या कुस्तीवर! असा अर्ज आमच्या साहेबांपुढं आला असता, तर त्यांनी आधी चष्मा पुसला असता आणि मग अर्जदाराला दार दाखवलं असतं.

खाशाबांनी ब्राँझपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसऱ्यासाठी १९९६ पर्यंत, लिअँडर पेसपर्यंत थांबावं लागलं. बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पण मिरवणुकीनं व्याज फिटत नाही. खाशाबांनी कुस्त्या लढून, त्या पैशातून प्राचार्यांचं घर सोडवलं. त्यांचं खातं चुकतं झालं.

आपलं? १९५५ ला ते पोलिसात फौजदार झाले, निवृत्तीनंतर पेन्शनसाठी झगडले, १९८४ ला अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला २००० साली, म्हणजे मरणोत्तर. गोळेश्वरला कुस्ती अकादमी जाहीर झाली २००९ ला. ती होईना, तेव्हा २०१७ मध्ये घरच्यांवर पदक लिलावात काढायची भाषा करायची पाळी आली.

शेजारच्या काउंटरवरचे आमचे स्नेही म्हणतात, “अहो, उशिरा का होईना, मान मिळाला ना? थकलेला हप्ता भरला की खातं नियमित होतं.”

होतं ना! पण खातेदारच हयात नसेल, तर पैसे जातात वारसाला. पुतळ्याचा वारस कोण?

त्याआधी एक अवघड प्रश्न. समजा, हेलसिंकीत खाशाबा हरले असते तर? घर गेलं असतं, आणि शहाण्या माणसांनी प्राचार्यांना खुळ्यात काढलं असतं. पण मला सांगा, त्यांची कृती त्यामुळं रतीभर तरी कमी चांगली ठरली असती? पदकानंतर हार घालायला छाती लागत नाही. फुलवाल्याचे पैसे लागतात. खर्डेकरांनी मान दिला तो पदकाला नव्हे, पदकाआधीच्या माणसाला. तो हरेल हे धरून दिला, म्हणून तो मान.

म्हणूनच मला पुतळ्यापेक्षा संकुल बरं वाटतं. चौथऱ्यावर जागा एकट्या जिंकलेल्याला; संकुलात हरणाऱ्यालाही घाम गाळता येतो. खाशाबांचा वारस तिथंच कुठंतरी असणार. अजून काही न जिंकलेला, बहुधा काटकुळा, आणि फीच्या खिडकीपाशी सुटे पैसे तीनतीनदा मोजणारा. अशा वेळी खिडकीआतल्या माणसाला दारावरच्या नावाबरोबर खर्डेकरांचंही नाव आठवावं. घर गहाण टाकायची गरज नाही, जामीनदाराची एक सही पुरे. ती कुठं करायची, ते मी दाखवीन, तेही विनाशुल्क. बँकेच्या माणसानं याहून जास्त काय करावं?